दोन्ही औषधं मला माहीत होती

संचिता मोहिते आमच्या टीमची पहिली रेडर आणि मी लेफ्ट कॉर्नर. ती समोरच्यांच्या हद्दीत घुसून कुणाला तरी शिवून परत यायची, आणि आमच्या हद्दीत कुणी आली की तिचा घोटा धरायचं काम माझं. ठाण्याच्या पुढे, दिवा स्टेशनजवळ आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. मी दुसऱ्या मजल्यावर, ती चौथ्या. लिफ्ट नव्हती आणि नळाला पाणी आलं तरी ते वर चढायचं नाही. टँकर आला की दोन्ही हातांत वीस-वीस लिटरचे कॅन घेऊन ती चौथ्या मजल्यापर्यंत मध्ये कुठेही न टेकता जायची. पोरीच्या मांड्या जिन्याने घडवल्या, असं तिचे पप्पा, म्हणजे सुदेशकाका, कौतुकाने सांगायचे.

तिला पहिली फिट आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. त्याआधी दोनेक महिने सकाळी उठल्या उठल्या तिचे हात एकदम झटका मारायचे. चहाचा कप उडून भिंतीवर जायचा, दात घासताना ब्रश हातातून सुटायचा. तिची आई, वैशालीकाकी, तिला धांदरट म्हणून ओरडायची. दहावीची परीक्षा चालू असताना तीन-चार रात्री जागरण झालं आणि शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीजवळ धाडकन पडली. काकीची हाक ऐकून मी वर पळाले. संचिताचे दात घट्ट मिटलेले, डोळे वर गेलेले, सगळं अंग एका तालात आपटत होतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. शेजारच्या बाईंनी नाकाला चप्पल लावली. दोन-तीन मिनिटांत ते थांबलं आणि ती घोरायला लागली. जाग आल्यावर तिने मला विचारलं, "पेपर कितीला आहे?"

कल्याणला मेंदूच्या डॉक्टर होत्या, डॉ. केळशीकर. पन्नाशीच्या, हळू आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी मेंदूचा आलेख काढला आणि काकींना समजावून सांगितलं, की मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बारीक विजेने बोलतात, आणि संचिताच्या मेंदूत कधीकधी त्या सगळ्या एकदम बोलायला लागतात. त्यांना आवर घालणारं औषध रोज घ्यायचं, चुकवायचं नाही, आणि झोप पूर्ण झाली पाहिजे. औषधाचं नाव व्हॅल्प्रोएट. या प्रकारच्या फिटला ते सगळ्यात चांगलं लागू पडतं, पण मुलींना देताना आम्ही बिचकतो, असंही त्या म्हणाल्या. कारण त्याने वजन वाढतं, केस गळतात, पाळी बिघडू शकते, आणि पुढे दिवस राहिले तर पोटातल्या बाळाला ते घातक असतं. लग्नाआधी मला न विचारता काही करायचं नाही, असं त्यांनी काकींकडून कबूल करून घेतलं.

काकींनी त्यातला लग्न हा शब्द तेवढा धरला. घरी आल्यावर त्यांनी संचिताला आणि मला समोर बसवलं आणि ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये म्हणून सांगितलं. कुणी विचारलंच तर थायरॉईडची गोळी. गावाला सांगायचं नाही, विहारातल्या बायकांना नाही, शाळेत नाही, कबड्डीच्या मैदानावर तर मुळीच नाही. फिट येणाऱ्या मुलीला कोण खेळू देईल, असं संचितालाही वाटत होतं. आम्ही दोघींनी मान हलवली.

गोळीने तिचे झटके थांबले. चार वर्षांत एकही फिट आली नाही. पण गोळीने तिच्याकडून बाकीचं पुष्कळ काढून घेतलं. वजन सहा किलो वाढलं. वेणीतले केस फणीत यायला लागले. हात पुढे धरला की बोटं बारीक थरथरायची. तिचं सगळ्यात मोठं दुःख मात्र वेगळं होतं. ती म्हणायची, डोक्यात कुणीतरी कापूस भरलाय, समोरच्या पोरीने डावा पाय उचलला हे मला दिसतं पण अर्ध्या सेकंदाने दिसतं. कबड्डीत अर्धा सेकंद म्हणजे काय ते खेळणाऱ्यालाच कळेल.

तरीही ती आमच्यात सगळ्यात चांगली होती. बारावीनंतर आम्ही दोघी ठाण्यात बाळकुमच्या एका क्लबमध्ये जायला लागलो. तिथे नाथासर शिकवायचे. ते स्वतः एके काळी राज्याकडून खेळलेले, गुडघा गेल्यावर शिकवायला लागलेले. मी आज त्यांच्याबद्दल काहीही म्हटलं तरी एक कबूल करायला हवं, की सर शिकवायचे जीव तोडून. आमच्यातल्या निम्म्या पोरींना बूट त्यांनी घेऊन दिलेले. पावसात मैदान भरलं की स्वतः फावडं घेऊन चर खणायचे. खेळाडू कोट्यातून सरकारी संघात नोकरी लागलेल्या त्यांच्या तीन पोरी होत्या, आणि चौथी संचिता होणार असं ते उघड बोलायचे.

संचिता वीस वर्षांची असताना त्यांनी तिला बाजूला घेतलं. मी पाण्याच्या ड्रमपाशी होते, मला ऐकू येत होतं. सर म्हणाले, तुझ्याकडे सगळं आहे, पण शेवटच्या पाच मिनिटांत तू जड होतेस, तुझ्या शरीराला रिकव्हरी कमी पडतेय. मग त्यांनी तिला बिनलेबलच्या प्लॅस्टिकच्या पुडीत पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला माजिवड्याला त्यांच्या ओळखीच्या जिममध्ये जाऊन एक इंजेक्शन घ्यायला सांगितलं. मोठ्या टीममधल्या सगळ्याच घेतात, म्हणाले.

मलाही विचारलं होतं त्यांनी. मला सुईची भीती. म्हणून मी नाही म्हटलं. शहाणपण वगैरे काही नव्हतं त्यात.

ते स्टिरॉइड आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मोबाईलवर शोधून तिला वाचून दाखवलं होतं, की पुरुषांच्या शरीरात जे तयार होतं त्याचीच ही कारखान्यात बनवलेली भावंडं. तिने ते नीट ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, "अक्षू, एका गोळीने मला बैल केलंय. दुसरीने जरा घोडी होऊ दे ना."

आणि खरंच झाली. पहिले दोन महिने तिला बघत राहावं अशी ती खेळली. वजन तेवढंच, पण सगळं ताठ, खांद्यांची गोलाई दिसायला लागली. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास सराव करूनही दुसऱ्या दिवशी तिचं अंग दुखायचं नाही. झोप कमी झाली, तरी थकवा नाही. तिघींनी धरलं तरी ती त्यांना ओढत मधल्या रेषेपर्यंत यायची. तिचं बोलणंही बदललं. आधी सामन्यापूर्वी ती कोपऱ्यात एकटी बसून राहायची; आता ती समोरच्या पोरींकडे बघून हसायची. डोक्यातला कापूस गेला, असं ती मला जिन्यात उभी राहून सांगायची, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझ्या मनातली भीती मला क्षुल्लक वाटायची.

मग एकेक सुरू झालं. पाठीवर मोठ्या लाल पुळ्या. पाळी थांबली, त्याचं तिला बरंच वाटलं, कटकट गेली म्हणाली. हनुवटीखाली राठ केस यायला लागले, ते ती चिमट्याने उपटायची. आणखी एक बदल तिने मला बाथरूमच्या दाराआडून, रडत, अर्ध्या वाक्यात सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. मी म्हटलं, बंद कर. ती म्हणाली, जिल्ह्याच्या टीमची निवड करणारी ट्रायल झाली की बंद.

आवाज बसला तेव्हा आम्ही सर्दी समजलो. काकींनी हळदीचं दूध दिलं, काढा दिला. महिना झाला तरी तो सुटेना. मग तो खाली खाली गेला आणि तिथेच राहिला. कल्याणच्या एका स्पर्धेत ती पहिल्या रेडला गेली आणि तिने दम घालायला सुरुवात केली, कबड्डी कबड्डी, तशा समोरच्या सातही पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. पंचांनी मान वळवून पाहिलं. बाहेर बसलेल्या प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, मुलींचा सामना आहे ना. हशा झाला. संचिताने त्या सामन्यात एकटीने अकरा गुण घेतले.  सामना संपल्यापासून घरी येईपर्यंत ती तोंडावर ओढणी बांधून होती.

चार महिने पाळी नाही हे कळल्यावर काकी घाबरल्या आणि तिला घेऊन डॉ. केळशीकरांकडे गेल्या. संचिताने मला सोबत ओढलं. डॉक्टरांनी हनुवटी बघितली, पाठ बघितली, वजन घेतलं. व्हॅल्प्रोएटमुळे काही मुलींमध्ये पुरुषी संप्रेरकं वाढतात, पाळी चुकते, लव येते, हे त्यांनी सांगितलं. पण त्यांच्या कपाळावरची आठी जात नव्हती.

"आवाजाचं मात्र मला या औषधाने समजत नाही," त्या म्हणाल्या. "संचिता, तू आणखी काही घेतेस का? कसलीही पावडर, गोळी, जिममधलं काही?"

"नाही, मॅडम."

"मी रागावणार नाहीये. मला फक्त माहीत हवं."

"नाही घेत काही."

डॉक्टरांनी मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं. त्यांच्या मागे भिंतीवर मेंदूचा रंगीत तक्ता होता. मी तो वाचत राहिले.

त्यांनी यकृताची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि संप्रेरकांच्या तपासण्यांची मोठी यादी लिहून दिली. त्यातला संप्रेरकांचा कागद संचिताने जिन्यात फाडला आणि दोनच तपासण्या सांगितल्यात असं काकींना सांगितलं. यकृताचे आकडे तिप्पट आले. खरं तर ते त्या पुडीतल्या पांढऱ्या गोळ्यांचं काम होतं; त्या यकृताला जाळतात हे मला नंतर कळलं. पण व्हॅल्प्रोएटही यकृताला त्रास देतं, आणि डॉक्टरांच्या समोर तेवढं एकच औषध होतं. रिपोर्ट दाखवायला संचिता एकटीच गेली; संप्रेरकांची तपासणीही लवकर करून आण, असं त्यांनी तिला पुन्हा बजावलं आणि तोवर थांबायचा धोका नको म्हणून व्हॅल्प्रोएट हळूहळू कमी करायला घेतलं. त्याच्या जागी लेव्हेटिरासेटाम नावाची दुसरी गोळी दर आठवड्याला थोडी वाढवत न्यायची होती. हिने काहींना चिडचिड होते, स्वभाव बदलतो, तसं वाटलं तर लगेच फोन करा, असं त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं.

आता तिच्या अंगात एकाच वेळी तीन औषधं होती. एक जात होतं, एक येत होतं, आणि तिसरं डॉक्टरांना माहीतच नव्हतं. नाथासरांना यातलं पहिलं आणि दुसरं माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ती एक धडधाकट पोरगी होती जिला थायरॉईड आहे. काकींना तिसरं माहीत नव्हतं. सगळं माहीत असलेली माणसं दोनच, ती आणि मी.

तिच्यातली रग आधीच वाढलेली होती, ती आता फुटायला लागली. सरावात एका नव्या मुलीने तिचा टी-शर्ट ओढला म्हणून तिने तिचे केस धरून डोकं जमिनीवर आपटलं. आम्ही चौघींनी तिला ओढून काढलं. सर त्यावर म्हणाले, आग पाहिजेच. घरी एका सकाळी टँकर येऊन गेला आणि काकींनी तिला उठवलं नाही म्हणून भांडण झालं. भांडता भांडता तिने काकींच्या थोबाडीत मारली. काकींचा चष्मा तुटला. मी वर गेले तेव्हा काकी ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या आणि संचिता जिन्यात बसून स्वतःचं मनगट चावत होती.

"माझ्या डोक्यात कुणीतरी सारखं भांडतंय अक्षू," ती त्या जाड आवाजात म्हणाली. "मी नाही मारलं तिला. म्हणजे मीच मारलं. पण मी नाही."

डॉक्टरांना फोन करूया, मी म्हटलं. ती नको म्हणाली. डॉक्टर पुन्हा विचारतील, तपासण्या मागतील, ट्रायलला तीन आठवडे राहिलेत. नवीन गोळीमुळेच होतंय हे, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते अर्धं खरंही होतं. म्हणून तिने स्वतःच उपाय काढला. काकींच्या समोर ती गोळी तोंडात टाकायची आणि मोरीत जाऊन थुंकायची. सकाळची रोज, रात्रीची कधीकधी. म्हणजे जुनं औषध जवळजवळ बंद झालेलं आणि नवं पोटात जात नव्हतं. त्याच काळात सरांनी पुडीतल्या गोळ्या दुप्पट केल्या.

हे सगळं तिने मला सांगितलं. मी म्हणाले, आपण निदान काकींना सांगूया. तिने माझे दोन्ही हात धरले. "ट्रायल होऊ दे. फक्त ट्रायल. मग तू म्हणशील त्याला सांगेन."

मी कबूल झाले. तिच्यासाठी झाले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण निवड समितीची माणसं आमच्या क्लबचा सामना बघायला येणार होती ती संचितासाठी, आणि ती खेळली तरच त्यांचं माझ्याकडे लक्ष जाणार होतं. हेही माझ्या डोक्यात होतं. किती होतं ते मी आता मोजू शकत नाही.

ट्रायल ठाण्याला एका शाळेच्या मैदानावर होती. सकाळी आठला हजर राहायचं होतं. संचिता आदल्या रात्री झोपली नव्हती. मागच्या पंधरा दिवसांत ती नीट झोपलीच नव्हती. वॉर्मअप करताना ती पाणी प्यायला बाटली तोंडाशी नेत होती, आणि बाटली तिच्या हातातून उडून चार हात लांब जाऊन पडली. बाकीच्या हसल्या. संचिता हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. चार वर्षांपूर्वी चहाचे कप उडायचे ते आम्हा दोघींनाच आठवत होतं.

"बस खाली," मी म्हणाले. "आज नको."

"तीन रेड तर करू दे."

मी सरांकडे जायला निघाले होते. चार पावलं गेलेसुद्धा. तेवढ्यात आमच्या क्लबचं नाव पुकारलं आणि मी वळून माझ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

पहिल्या रेडला तिने दोघींना बाद केलं. दुसरीला एकीला. निवड समितीतल्या एका बाईंनी वहीत काहीतरी लिहिलेलं मी पाहिलं. तिसऱ्या रेडला ती मधली रेषा ओलांडून डावीकडे सरकली आणि तिचा दम मध्येच तुटला. पंचांनी शिट्टी वाजवली, दम तुटल्याची. ती तशीच उभी होती, मान एका बाजूला वळत चाललेली. मग तिच्या तोंडातून एक लांब आवाज आला आणि ती आडवी झाली.

सर लंगडत धावत आले आणि तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबायला लागले. मी तो फेकून दिला आणि तिला कुशीवर वळवलं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. ते थांबलं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि ती शुद्धीवर यायच्या आत ते पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं, पुन्हा सुरू झालं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिचे ओठ काळे पडले होते.

ॲम्ब्युलन्समध्ये सर माझ्या समोर बसले होते. त्यांनी विचारलं, हिला काय आहे? मी सांगितलं. सोळाव्या वर्षापासून आहे, गोळी चालू आहे, आता बदललीय, ती नवी गोळी थुंकत होती. सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. 

हॉस्पिटलात तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं की रुग्ण काय काय घेते. मी सर तिथे उभे असतानाच सगळं सांगितलं. पुडी, माजिवड्याचं इंजेक्शन, दुप्पट केलेल्या गोळ्या. काकी आणि सुदेशकाका कधी येऊन माझ्या मागे उभे राहिले मला कळलं नाही. मी वळले तेव्हा काकी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी नवा चष्मा केला नव्हता, जुन्याचीच काडी दोऱ्याने बांधली होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीपासून."

"कुठलं?"

"दोन्ही, काकी."

त्यांनी मान हलवली आणि जाऊन बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या माझ्यावर एकदाही रागावलेल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

फिट पूर्ण आटोक्यात यायला तासाच्या वर गेला. चार दिवस तिच्या घशात नळी होती. तिसऱ्या दिवशी डॉ. केळशीकर कल्याणहून आल्या. तिचे कागद बघितले, मग आम्हाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. इतका वेळ चाललेली फिट मेंदूला जाळते, त्या म्हणाल्या, आणि सगळ्यात आधी जळते ती आठवणी साठवायची जागा. स्टिरॉइडने झोप गेली, मेंदू आधीच तापलेला राहिला, यकृत बिघडलं. आणि यकृत बिघडलेलं पाहून मी चांगलं लागू पडलेलं औषध काढून घेतलं. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी माझ्या पायांकडे बघत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी त्या दिवशी तुला बाहेर नेऊन विचारायला हवं होतं."

संचिता अठराव्या दिवशी घरी आली. सगळ्यांना ओळखत होती, पण ट्रायल, त्याआधीचे सात-आठ महिने, पुडी, माजिवडा, काकींना मारलेली थप्पड, यातलं काहीच तिच्याकडे नव्हतं. आरशात बघून आणि स्वतःचा आवाज ऐकून ती दचकायची. झोपून उठलेल्या माणसाला आपण दुसऱ्याच्या शरीरात आहोत असं कळावं, तसं तिला रोज सकाळी कळत होतं. स्टिरॉइड एकदम बंद झालेलं, त्यामुळे अंगावरचं मांस दोन महिन्यांत ओसरलं आणि तिचं मन काळोखात गेलं. ती दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. सुदेशकाकांनी घरातल्या सुऱ्या आणि गच्चीची किल्ली माझ्या आईकडे आणून ठेवली. पाच-सहा महिन्यांनी पाळी परत आली. पुळ्यांचे डाग राहिले. आवाज परत आला नाही. घशातले तंतू एकदा जाड झाले की पुन्हा पातळ होत नाहीत, असं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं.

सुदेशकाकांनी जिल्हा संघटनेकडे तक्रार केली. चौकशीला मी गेले आणि जे होतं ते सांगितलं. सर म्हणाले, मी फक्त व्हिटॅमिन दिलं, मुलीने आजार लपवला. पुडीवर लेबल नव्हतं. माजिवड्याच्या जिमवाल्याने ओळखच दाखवली नाही. सरांना एक मोसम शिकवू नका म्हणून सांगितलं गेलं आणि पुढच्या मोसमात ते पुन्हा मैदानावर होते. एकदा ते मला बाळकुम नाक्यावर भेटले. म्हातारे दिसत होते. "तिला फिट येते हे मला सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर आईशपथ, नसतं दिलं मी." मला ते खरं वाटतं. फिट न येणाऱ्या मुलींना ते आजही देतात की नाही, हे विचारायचं मला त्या वेळी सुचलं नाही.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. यकृत सुधारल्यावर डॉ. केळशीकरांनी तिला पुन्हा व्हॅल्प्रोएटच सुरू केलं, कमी प्रमाणात, आणि मूल होऊ देण्याबद्दल तिच्याशीच बोलल्या, काकींना बाहेर बसवून. मोठी फिट आलेली नाही. संचिता डोंबिवलीला एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं पॅक करणाऱ्या एका युनिटमध्ये जाते. सोपं काम आहे, रोज तेच. नवीन गोष्टी तिच्या डोक्यात टिकत नाहीत, म्हणून ती वहीत लिहिते. फोनवर लोक तिला भाऊ म्हणतात. ती दुरुस्त करत नाही.

मी खेळ सोडला. एका शाळेत पीटी शिकवते. रविवारी वर तिच्याकडे जाते.

ती बरी झाल्यावर वर्षभराने मी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. तिने स्टीलचा पेला माझ्या अंगावर फेकला आणि तीन आठवडे दार उघडलं नाही. चौथ्या आठवड्यात तिने स्वतःच हाक मारली, चहा दिला, आणि गप्पांत सहज विचारलं, अगं, पण डॉक्टरांना कुणी सांगितलं कसं नाही? मला वाटलं ती टोमणा मारतेय. ती खरंच विचारत होती. वहीत तिने ते लिहिलं नव्हतं.

मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती रडली. सहा महिन्यांनी तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी थोडक्यात सांगितलं आणि ती गप्प बसली. काकी मला जिन्यात म्हणाल्या, आता नको सांगत जाऊ, विसरलीय तर विसरू दे. मी त्यावर बराच विचार केला. पण ती विचारते तेव्हा माझ्याकडे सरळ बघून विचारते, आणि डॉक्टरांच्या भिंतीवरच्या त्या तक्त्याकडे माझं एकदा बघून झालेलं आहे.

मागच्या रविवारी ती मेथी निवडत होती. मी जुड्या सोडून देत होते. निवडता निवडता थांबून म्हणाली, "अक्षू, त्या पुडीचं तुला माहीत होतं ना?"

"हो. आणि फिटचंही. मी कुणाला बोलले नाही."

तिने दोन-चार पानं खुडली. "हे तू मला आधी सांगितलंयस का?"

"पाच वेळा."

"मग मी काय म्हटलेलं?"

मी तिला खरं ते सांगितलं. एकदा पेला फेकलास, एकदा रडलीस, एकदा काहीच बोलली नाहीस, एकदा म्हणालीस मीच तुला गप्प केलेलं, आणि एकदा मला घरी जायला सांगितलंस. तिने ते सगळं लक्ष देऊन ऐकलं, दुसऱ्या कुणाची हकीकत ऐकावी तसं.

"आज मला काहीच वाटत नाहीये," ती म्हणाली. मग तिने हात पुसले, वही घेतली आणि मला म्हणाली, "सांग परत. हळू सांग. लिहून ठेवते."